माणसं दवाखान्यात टिकतात कशी? : जामखेडचा धडा

घाटनांदूरसारख्या गावात नवीन डॉक्टर आले, नवीन सिस्टर आल्या, की लोक पहिला प्रश्न विचारतात, “किती दिवस राहणार?” प्रश्न साधा आहे, पण रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली की त्याच्या उत्तरावर जीव अवलंबून असतो. आज आपण या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहू.

आपल्याच तालुक्यात, अंबाजोगाईला, 1970च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. ग्रामीण भागात डॉक्टर घडावेत, ही त्यामागची दृष्टी. रुग्णालयाचा आधार या भागाला आजही आहे. पण खेड्याजवळ शिकणं वेगळं आणि खेड्यात राहणं वेगळं. म्हणून सरकारनं बंधपत्राचा मार्ग धरला : सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा करा. बंधपत्र माणसाला वर्षभर थांबवतं. पुढं काय, ते बंधपत्र सांगत नाही.

आता बीडच्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला जाऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं 1970 साली काम सुरू केलं. गावात बाहेरून शिकलेली नर्स ठेवून पाहिली, पण ते काही जमेना. ती गावाला परकी आणि गाव तिला परकं. मग त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित कुटुंबांतल्या. मानधन नाममात्र. तरीही त्यांतल्या कितीतरी जणी वीस-वीस, तीस-तीस वर्षं काम करत राहिल्या!

का राहिल्या? दर आठवड्याला त्या जामखेडला जमत. एकत्र जेवण, एकत्र मुक्काम. कुणाच्या गावात काय अडलं, कुणी काय केलं, ते सांगायचं, नवीन शिकायचं. डॉक्टर त्यांचं ऐकून घेत. आणि ज्या गावानं कधी विचारलं नव्हतं, तेच गाव आता दारात येऊन सल्ला मागू लागलं.

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली असंच काहीसं मांडलं होतं. पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक वाईट असेल तर माणूस वैतागतो. पण ती नुसती चांगली असली म्हणून कामात मन रमतंच असं नाही. मन रमतं ते यश, कौतुक, जबाबदारी आणि शिकण्याची संधी यांनी. तिथल्याच 1983 सालच्या एका अभ्यासात नर्सेस टिकवून ठेवणारी 41 रुग्णालयं निवडली गेली. तिथं नर्सच्या मताला किंमत होती, हा त्यातला एक मोठा धागा.

पण मंडळी, इथं एक धोका आहे. “समाधान मिळतंय ना, मग पगार कशाला?” असं म्हणायची आपल्याला सवय आहे. 2005 नंतर गावोगाव आशाताई आल्या. 2023 मध्ये त्यांनाच मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. मान हा पगाराच्या जागी देण्याची वस्तू नव्हे. तो पगाराबरोबर द्यायचा असतो.

तेव्हा “किती दिवस राहणार?” असं विचारताना आपण स्वतःलाही विचारू या : त्यांनी राहावं म्हणून आपण काय करतो? क्वार्टरचं छत गळतंय का, हे सरकारला विचारता येईल. सिस्टरशी नीट बोलणं मात्र आपल्याच हातात आहे.