जे ठेवलंच नाही, ते चोरीला जात नाही

क्युपर्टिनोत स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावरून जाताना डी अँझा कॉलेज तुम्ही पाहिलं असेल. तिथल्या फ्लिंट सेंटरमध्ये ९ सप्टेंबर २०१४ रोजी ॲपलने नवे आयफोन आणि पहिलं घड्याळ दाखवलं. त्याच कार्यक्रमात ॲपल पे जाहीर झालं. फोन दुकानातल्या यंत्राजवळ धरला की पैसे दिले जातात, ही गंमत सगळ्यांच्या लक्षात राहिली. खरी महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी होती: या व्यवहारात तुमच्या कार्डाचा मूळ क्रमांक दुकानदाराला मिळतच नव्हता. इथवर यायला पन्नासहून अधिक वर्षं का लागली, ते पाहू.

सुरुवातही कॅलिफोर्नियातलीच. सप्टेंबर १९५८मध्ये बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डं लोकांनी न मागताच टपालाने घरोघरी पाठवली. पुढची कित्येक वर्षं दुकानदार कार्ड यंत्रात ठेवून त्यावर दांडा फिरवत आणि कार्बन कागदाखालच्या पावतीवर उठावाचे आकडे उमटत. क्रमांक चोरायला कचऱ्यात टाकलेला कार्बन पुरेसा होता. तरी एका टोपलीत मावत मावत किती क्रमांक मावणार?

संगणक आले आणि ती टोपली अमर्याद मोठी झाली. परतावा द्यायला सोपं, पुढच्या खरेदीला सोपं, म्हणून दुकानं ग्राहकांचे क्रमांक डेटाबेसमध्ये साठवू लागली. डिसेंबर २००४मध्ये कार्ड कंपन्यांनी पीसीआय डीएसएस ही समान नियमावली आणली. त्यातला एक नियम आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवावा असा आहे: व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवायचा नाही, कुलूपबंद करूनही नाही.

नियम होता, पण सवय गेली नाही. टी.के. मॅक्स, मार्शल्स ही दुकानं चालवणाऱ्या टीजेएक्स कंपनीने जानेवारी २००७मध्ये चोरीची कबुली दिली. चोर दुकानाच्या कच्च्या वायफायमधून शिरले होते आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली होती. त्यातली बरीच माहिती जुन्या व्यवहारांची होती. कंपनीला तिचा काहीही उपयोग उरला नव्हता, चोरांना मात्र होता.

तुम्ही म्हणाल, क्रमांक सांकेतिक रूपात ठेवावेत. ठेवावेतच. पण कुलपाची किल्ली त्याच सर्व्हरवर असेल, तर ते पायपुसण्याखाली किल्ली ठेवण्यासारखं झालं. मग हॅशिंग करावं का? म्हणजे आकड्याचं असं रूपांतर, जे उलटं फिरवता येत नाही. इथे गणित आडवं येतं. १६ आकड्यांपैकी पहिले ६ कार्ड कुठल्या बँकेचं ते सांगतात आणि ते सर्वांना ठाऊक असतात. शेवटचे ४ पावतीवर छापलेले असतात. उरले मधले ६, म्हणजे १० लाख शक्यता. शेवटचा आकडा हान्स पीटर लुन यांच्या पडताळणी सूत्राने ठरतो, त्यामुळे त्यातल्याही सुमारे १ लाखच उरतात. साध्या लॅपटॉपला तेवढ्या शक्यता तपासायला क्षणभर पुरतो.

मग उपाय काय? तो आपल्या आईवडिलांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. भारतातल्या बँकेत चेक दिला की कारकून पितळी बिल्ला हातात ठेवायचा. आपला नंबर पुकारेपर्यंत तो सांभाळायचा. खात्याचा तपशील आत वहीत राही, बाहेर फिरे तो बिल्ला. त्या शाखेबाहेर तो म्हणजे नुसता पितळेचा तुकडा. त्याला आपण टोकनच म्हणत होतो. आजचं 'टोकनायझेशन' म्हणजे तेच. खरा क्रमांक कार्ड कंपनीच्या किंवा बँकेच्या तिजोरीत राहतो आणि दुकानाकडे त्याच्या बदल्यातला आकडा येतो. ॲपल पेमध्ये तो फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असतो आणि प्रत्येक व्यवहाराला नवा संकेतही जोडला जातो. दुकानाचा डेटाबेस फुटला, तरी चोराच्या हाती बिल्लेच लागतात.

अमेरिकेत हे कंपन्यांनी आणलं, भारतात ते नियमाने झालं. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने मुदत अनेकदा वाढवून अखेर १ ऑक्टोबर २०२२पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवायला मनाई केली. ओळख पटण्यापुरते शेवटचे ४ आकडे आणि बँकेचं नाव ठेवायची तेवढी मुभा आहे. पुण्यातल्या आईबाबांसाठी तुम्ही इथून काही मागवत असाल, तर तिकडच्या संकेतस्थळांवर कार्ड 'टोकनाइझ' करण्याची विचारणा तुम्ही वाचली असेल. ती या नियमामुळे.

हा इतिहास फक्त बड्या कंपन्यांचा नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं, मराठी शाळेची फी हे सगळं स्वयंसेवकच गोळा करतात आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका नसते. पण कागदी फॉर्मवर लिहून घेतलेला कार्डाचा क्रमांक कुणाच्या तरी एक्सेल फाइलमध्ये जातो. समिती बदलते, फाइल तशीच राहते. चोरी झालीच, तर भुर्दंड आणि बदनामी मंडळाची.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्याकडे कुणाचे कार्ड क्रमांक आहेत का? असतील तर ते कायमचे पुसा, कागद फाडून बारीक करा आणि यापुढे पैसे अशा सेवेमार्फत घ्या, जी तुमच्या हाती फक्त टोकन देते.