चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक : शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचे संशोधनकार्य

बेंगळुरू : कार्बनी रेणूंपासून विद्युत उपकरणे घडविणाऱ्या सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात १९७७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीन या पॉलिमरवर आयोडीनची प्रक्रिया केल्यास त्याची विद्युतवाहकता कोट्यवधी पटींनी वाढते, हे त्या वर्षी दाखवून दिले. त्याच वर्षी बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक तयार होतात, हे सिद्ध केले. पहिल्या शोधाला २००० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या शोधाचे विद्युतवहनाच्या दृष्टीने असलेले मोल कळण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

यशवंतपूरहून मेख्री सर्कलकडे जाणाऱ्या सी. व्ही. रामन मार्गावर ही संस्था आहे. भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसरही यशवंतपूरला लागूनच आहे. चंद्रशेखर यांच्या संशोधनाचा उत्तरार्ध याच भागात आणि यशवंतपूरच्या पुढे असलेल्या जालहळ्ळी येथे गेला.

नागपूर ते म्हैसूर

चंद्रशेखर यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कोलकात्यात झाला. नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन हे त्यांचे मामा, तर खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे मामेभाऊ. नामसाधर्म्यामुळे या दोन चंद्रशेखरांची अनेकदा गल्लत होते. प्रकाशाच्या ध्रुवणाविषयीच्या मूलभूत संशोधनासाठी ओळखले जाणारे एस. पंचरत्नम हे त्यांचे धाकटे बंधू होत.

नागपूर विद्यापीठातून १९५१ मध्ये भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी प्रथम क्रमांकाने मिळविल्यानंतर त्यांनी बेंगळुरूत रामन यांच्या मार्गदर्शनाखाली स्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम केले. या कामासाठी नागपूर विद्यापीठाने १९५४ मध्ये त्यांना डी. एस्सी. पदवी दिली. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आणि लंडनमध्ये संशोधन करून ते १९६१ मध्ये मायदेशी परतले व म्हैसूर विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. द्रवस्फटिकांकडे ते येथेच वळले.

द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखी वाहणारी, पण रेणूंची काही प्रमाणात सुसूत्र मांडणी टिकवून धरणारी पदार्थाची अवस्था. ऑस्ट्रियाचे फ्रीडरिख रायनित्झर यांनी १८८८ मध्ये ती प्रथम नोंदविली. कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होतो आणि १७८ अंशांच्या आसपास एकदम निवळतो, असे त्यांना दिसले. त्यानंतर सापडलेल्या असंख्य द्रवस्फटिकांचे रेणू लांबट, काडीसारखे होते. रेणू लांबट असणे ही द्रवस्फटिकाची अटच आहे, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली होती.

१९७७ चा शोध

चंद्रशेखर १९७१ मध्ये रामन संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी द्रवस्फटिक प्रयोगशाळा उभारली. स्वतः भौतिकशास्त्रज्ञ असूनही त्यांनी प्रयोगशाळेत रासायनिक संश्लेषणाची सोय केली. हवा तो रेणू परदेशातून मागविण्याऐवजी तेथेच घडवायचा आणि तेथेच तपासायचा, ही पद्धत निर्णायक ठरली. डिसेंबर १९७३ मध्ये बेंगळुरूत आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक परिषदही भरली.

काडीऐवजी चपटा रेणू घेतल्यास काय होईल, हा प्रश्न या गटाने हाती घेतला. मध्यभागी बेंझिनचे कडे आणि त्याभोवती सहा लवचिक शृंखला अशी रचना असलेले एस्टर सदाशिव यांनी तयार केले. त्यांपैकी हेप्टानोएट हा पदार्थ सुमारे ८१ अंशांना वितळतो आणि ८७ अंशांना पूर्णपणे द्रव होतो. मधल्या अवघ्या सहा अंशांत तो द्रवस्फटिक असतो. क्ष-किरणांच्या परीक्षणातून या अवस्थेची रचना उलगडली. नाण्यांची चवड लावावी तसे रेणू एकावर एक बसून स्तंभ बनतात आणि हे स्तंभ षट्कोनी जाळीत उभे राहतात. हा शोध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याची दखल घेतली. आज हे पदार्थ ‘डिस्कॉटिक’ द्रवस्फटिक म्हणून ओळखले जातात.

विजेची वाट

या रचनेचे विद्युतवहनातील महत्त्व तिच्या आकारातच आहे. ट्रायफिनिलीनसारखा मोठा चपटा गाभा वापरल्यास शेजारच्या दोन गाभ्यांमधील अंतर साधारण ०.३५ नॅनोमीटर इतकेच राहते. त्यामुळे विद्युतभार एका चकतीवरून दुसरीवर जाऊ शकतो. बाहेरच्या शृंखला मात्र विसंवाहक असतात. प्रत्येक स्तंभ म्हणजे जणू आवरण चढविलेली, एका रेणूच्या जाडीची तार होय. पॉलिमरमध्ये विद्युतभार प्रामुख्याने लांबलचक साखळीच्या आधाराने सरकतो. येथे सुटे रेणू स्वतःहून रांग लावतात आणि अवस्था प्रवाही असल्याने मांडणीतील काही दोष आपोआप भरून निघतात.

जर्मन संशोधकांनी १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये अशा एका पदार्थातील विद्युतभाराची गतिशीलता प्रसिद्ध केली. ती सेंद्रिय एकस्फटिकांच्या खालोखाल होती. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९९० च्या दशकाअखेर मोजमापे करून स्तंभाच्या दिशेने होणारे विद्युतवहन आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे दाखविले.

व्यापारी उपयोग मात्र प्रथम वेगळ्याच क्षेत्रात झाला. द्रवस्फटिकी पडद्याकडे बाजूने पाहिल्यास चित्र फिके दिसे. जपानच्या फुजी फोटो फिल्म कंपनीने डिस्कॉटिक रेणूंचा थर असलेली पारदर्शक फिल्म आणून १९९० च्या दशकात हा दोष बराच कमी केला. संगणकांच्या पडद्यांवर ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

जालहळ्ळीतील केंद्र

रामन संस्थेतून १९९० मध्ये निवृत्त झाल्यावर चंद्रशेखर यांनी पुढच्याच वर्षी जालहळ्ळी येथे द्रवस्फटिक संशोधन केंद्र स्थापन केले. त्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने जागा उपलब्ध करून दिली. नोंदणीकृत सोसायटी म्हणून सुरू झालेले हे केंद्र १९९५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे आणि २००३ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आले. आता ‘सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था बेंगळुरूच्या सीमेवरील शिवनपुरा येथील अर्कावती संकुलातून काम करते.

चंद्रशेखर यांना १९७२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९९४ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल पदक आणि १९९८ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. ते १९८३ पासून रॉयल सोसायटीचे सदस्य आणि आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक सोसायटीचे संस्थापक अध्यक्ष होते. ८ मार्च २००४ रोजी त्यांचे निधन झाले. स्तंभांना उपकरणात हव्या त्या दिशेने एकसारखे उभे करणे हे या क्षेत्रातील अवघड काम असून सौर घट आणि ट्रान्झिस्टरसाठी डिस्कॉटिक पदार्थांवर देश-विदेशांत संशोधन सुरू आहे.