पाहुण्यांचा रॉड

आपल्याकडे घरातली सगळ्यात चांगली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. काचेच्या कपाटातल्या कपबश्या, कधीही न वापरलेली चादर, काजूकतलीचा शिल्लक डबा. घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा आणि पाहुण्यांसमोर सोनेरी कडांचा सेट मांडायचा. फ्लाय फिशिंगच्या जगात नेमकं उलट चालतं. यजमान आपला लाडका रॉड स्वतःच्या हातात ठेवतो आणि पाहुण्याला देण्यासाठी मुद्दाम एक स्वस्तातला रॉड विकत घेऊन ठेवतो. वरवर पाहता हा कंजूषपणा वाटेल. पण "पाहुण्याला बिनधास्त देता येईल असा स्वस्त आणि तरी चालणारा रॉड" ही वस्तूच मुळी जेमतेम पाऊणशे वर्षांपूर्वी जन्माला आली, आणि ती येण्यामागे एक महायुद्ध, एक व्यापारबंदी आणि विमानांचे कारखाने आहेत. ती गोष्ट मला कपबश्यांपेक्षा रंजक वाटते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं. ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नसतं. त्यामुळे इथे फेकायची असते ती दोरी, आणि किडा तिच्यामागे जातो. त्यासाठी काठी मागे-पुढे हलवताना स्प्रिंगसारखी वाकली आणि सरळ झाली पाहिजे. झाडाची कुठलीही फांदी इथे चालत नाही. फ्लाय रॉड शतकानुशतकं महाग राहिला तो या वाकण्यामुळे.

अगदी सुरुवातीला मात्र तो फुकट होता. 1496 साली लंडनजवळ विंकिन द वर्ड या छापखानेवाल्याने गळाने मासे पकडण्यावरचा एक इंग्रजी निबंध छापला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर आहे, अभ्यासक तसं मानत नाहीत. त्यात रॉड विकत घ्या असं कुठेच नाही. थंडीच्या दिवसांत हेझल किंवा विलोची काठी तोडा, भट्टीत शेका, तापलेल्या सळईने आतून पोकळ करा, वरचा लवचीक तुकडा त्या पोकळीत सरकवा. म्हणजे चालताना ती हातातली साधी काठी दिसेल आणि तुम्ही कुठे निघालात हे कुणाला कळणार नाही! पाहुणा आला तर त्याच्यासाठी आणखी एक काठी तोडायची, एवढंच.

पाहुणा आणि यजमान हे नातं या खेळाच्या साहित्यात फार लवकर येतं. आयझॅक वॉल्टनच्या 'कम्प्लीट अँगलर'ची पहिली आवृत्ती 1653 सालची. 1676 च्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने फ्लाय फिशिंगवर दुसरा भाग जोडला. हा भाग म्हणजे वाटेत भेटलेला एक प्रवासी आणि त्याला घरी नेऊन पाहुणचार करणारा, नदीवर नेऊन शिकवणारा यजमान यांचा संवाद आहे. कॉटन नुसतं लिहून थांबला नाही. डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायरच्या सीमेवरून वाहणाऱ्या डव्ह नदीकाठी त्याने 1674 साली एक लहानसं दगडी घर बांधलं आणि दारावर आपली व वॉल्टनची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरली. त्या वर्षी वॉल्टन ऐंशी पार केलेला होता. ते घर अजून उभं आहे. पाहुण्यासाठी रॉड ठेवणारे पुष्कळ असतील, याने घरच बांधलं.

कॉटनच्या मते ट्राउटच्या नदीसाठी पाच-सहा यार्डांचा रॉड पुरे. म्हणजे पंधरा ते अठरा फूट! दोन मजली घराच्या गच्चीवरचे आंबे काढता येतील असा.

पुढची दीडेकशे वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण हिकरी, अ‍ॅश, लान्सवूड आणि मग दक्षिण अमेरिकेतल्या गयानातून येणारं ग्रीनहार्ट अशी लाकडं बदलत गेली, यापलीकडे फार काही घडलं नाही. खरी उलथापालथ झाली ती बांबूमुळे.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, आणि जिथे लीहाय नदी डेलावेअरला मिळते ते ईस्टन गाव आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका दुरुस्त करणारा कारागीर होता. तो व्हायोलिनही बनवायचा. 1840 च्या दशकात त्याने बांबू उभा चिरून, त्याच्या चिंध्या तासून पुन्हा एकमेकांना चिकटवून रॉड केले. बांबूची ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते, आतला गर निकामी. मग साल तेवढी बाहेर राहील अशा त्रिकोणी पट्ट्या कापायच्या, सहा पट्ट्या जोडून षटकोनी भरीव काठी करायची, आणि ती बुडापासून टोकापर्यंत निमुळती होत जाईल असं तासायचं. हे तासणं इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने 1870 च्या दशकात या पट्ट्या कापणारं यंत्र बनवलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी नंतर स्वतःच्या नावाने रॉड काढले आणि तेही आज संग्राहकांच्या कपाटात आहेत.

इथे आपला एक धागा येतो. सुरुवातीचे हे अमेरिकन रॉड ज्या बांबूचे होत त्याला व्यापारात 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून यायचा. सामान्यतः तो भरीव 'नर बांबू' मानला जातो, आपल्याकडे ज्याला मानवेल म्हणतात तोच. ज्याच्या लाठ्या होतात, ज्याचे दांडे घोडदळाच्या भाल्यांना लावत, त्याच्याच चिंध्या पेनसिल्व्हेनियातला बंदूकवाला डिंकाने चिकटवत बसला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मात्र कलकत्त्याला बाजूला सारून 'टोंकिन' बांबू आला. हे नावही फसवं. तो टोंकिनचा नाही, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात एका लहान टापूत वाढतो. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्लॉइड मॅक्लूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1931 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'अमाबिलिस' हा शब्द आहे. अर्थ : गोजिरवाणा. शास्त्रज्ञ सहसा असे वाहवत जात नाहीत.

आता प्रश्न पाहुण्याचा. एका कारागिराने कित्येक दिवस खपून केलेला रॉड पाहुण्याच्या हातात कोण देईल? बांबूचं टोक काडेपेटीच्या काडीएवढं बारीक असतं. दारात अडकलं, गेलं. ओला रॉड तसाच नळीत ठेवला तर डिंक आणि वार्निश जातं, भिंतीला टेकवून ठेवला तर कायमचा बाक येतो. मासेमारी संपल्यावर रेशमी दोरीसुद्धा रिळावरून उतरवून वाळवावी लागे आणि तरंगण्यासाठी तिला चरबी चोळावी लागे. सकाळी शिकून दुपारी विसरणाऱ्या पाहुण्याकडून ही अपेक्षा करणं क्रूरपणाच. स्वस्त बांबूचे रॉड होते. मॅसॅच्युसेट्सची माँटेग्यू, न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिकाची हॉरॉक्स-इबॉटसन या कंपन्या ते ढिगाने काढत. महायुद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेले अमेरिकन सैनिक लाकडी पेटीतले सुबक जपानी बांबूचे रॉड घरी आणत. पेटी बहुतेक वेळा आतल्या मालापेक्षा चांगली असे. या स्वस्त रॉडना पुष्कळदा जड, ढिम्म वाकणं असायचं, आणि नवशिक्याला नेमकं तेच नडायचं.

मग डिसेंबर 1950 मध्ये, कोरियन युद्धात चीन उतरल्यावर, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. टोंकिन बांबू येणं थांबलं. ज्यांच्याकडे साठा होता ते तगले, बाकीच्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला. तो तयारच होता. आर्थर हॉवल्ड नावाच्या प्लास्टिक संशोधकाचा बांबूच्या रॉडचा शेंडा मोडला, तेव्हा त्याने काचेचे धागे आणि रेझिन वापरून नवा बनवून पाहिला. त्यातून मिशिगनच्या शेक्सपिअर कंपनीने (नाटककाराचा काही संबंध नाही) 1940 च्या दशकाच्या अखेरीस 'वंडररॉड' बाजारात आणला. पुढे पद्धत आणखी सोपी झाली : निमुळत्या पोलादी सळईवर रेझिनने भिजवलेलं काचेचं कापड गुंडाळायचं, भट्टीत भाजायचं, सळई ओढून काढायची. पोकळ रॉड तयार. कारागिराची नजर, सहा पट्ट्या, कुलूपबंद खोली, कशाचीच गरज उरली नाही. हा रॉड कुजत नाही, बाक येत नाही, गाडीच्या डिकीत महिनाभर पडून राहिला तरी रुसत नाही.

त्याच सुमाराला दोरीही बदलली. प्लास्टिकचा थर दिलेली, आपोआप तरंगणारी दोरी 1950 च्या दशकात आली आणि चरबी चोळणं संपलं. पण नवा घोळ झाला. रेशमी दोऱ्या जाडीवरून, इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जात. नायलॉनचं आणि रेशमाचं वजन सारखं नसतं, त्यामुळे तेच अक्षर आता काहीच सांगेना. शेवटी 1961 च्या सुमारास अमेरिकन उत्पादकांच्या संघटनेने दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून आकडे ठरवले. पाच नंबरची दोरी म्हणजे 140 ग्रेन, जेमतेम नऊ ग्रॅम. सोनाराच्या आजच्या हिशोबात तोळाभरही नाही! माझ्या मते पाहुण्यांच्या रॉडच्या इतिहासात या कंटाळवाण्या तक्त्याचं महत्त्व काचेइतकंच आहे. रॉडवर 5 लिहिलंय, दोरीवर 5 लिहिलंय, झालं. जाणकार शेजाऱ्याला विचारायला नको.

कार्बनची गोष्ट ठाऊक असेल. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात 1960 च्या दशकात विल्यम वॉट आणि सहकाऱ्यांनी मजबूत कार्बन धागा बनवला. रोल्स-रॉइसने त्याची इंजिनाची पाती करून पाहिली, ती पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत. त्या इंजिनाच्या एकूण खर्चाने 1971 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. विमानाच्या इंजिनात जे जमलं नाही ते नदीवर जमलं : 1973 साली फेनविक कंपनीने कार्बनचा, म्हणजे लोक ज्याला ग्राफाइट म्हणतात त्याचा, रॉड आणला. सुरुवातीला तो श्रीमंतांचा होता. मग उत्पादन हळूहळू कोरियात आणि चीनमध्ये गेलं. शानडाँग प्रांतातलं वेहाय शहर आज रॉडच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. ज्या देशाचा बांबू बंद झाला म्हणून काच आली, स्वस्त रॉड पुन्हा त्याच देशातून येतो.

आता तो निवडायचा कसा? आज एका नामांकित रॉडला हजार डॉलर मोजावे लागतात, आणि शंभर-दीडशेत रॉड, रीळ, दोरी असा सगळा संच मिळतो. साताऱ्याहून आलेल्या माझ्या मामांच्या हातात मी एकदा महागातला रॉड देऊ लागलो, तर त्यांनी आधी किंमत विचारली आणि मग तो लग्नातल्या अत्तरदाणीसारखा धरला. मनगट वळेना, दोरी पायाशी. "अरे, मोडला तर?" हा प्रश्न डोक्यात असेल तर कुणालाही कास्ट करता येत नाही. स्वस्त रॉड दिला आणि दहा मिनिटांत दोरी सरळ पडू लागली. रॉड तितका चांगला नव्हता, पण मामा मोकळे होते.

म्हणून माझी निवड अशी. लांबी साडेआठ ते नऊ फूट, पाच नंबर, चार तुकड्यांचा. वाकणं मध्यम. दुकानदार 'फास्ट' रॉडचं कौतुक करतात, पण तो ताठ असतो आणि नवशिक्याला तो वाकल्याचं हाताला जाणवतच नाही. काचेचा रॉड मिळाला तर त्याहून बरं, तो संथ आहे, चूक पोटात घालतो आणि आपटला तरी सहसा कुरकुरत नाही. रीळ कुठलंही चालेल, लहान ट्राउटसाठी ती फक्त दोरी ठेवायची डबी आहे. दोरीवर मात्र कंजूषी नको. संचातली दोरी खराब असेल तर रॉडच्या निम्म्या किमतीची चांगली दोरी घालावी, फरक लगेच कळतो. शेंड्याचा तुकडा वेगळा विकत मिळेल असाच रॉड बघावा, कारण रॉड मासे मोडत नाहीत, गाडीचे दरवाजे आणि छताचे पंखे मोडतात.

आणि फ्लायचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, पाहुण्याला चष्मा आणि टोपी घालायला लावावी. पेनसिल्व्हेनियात सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, पर्यटकांसाठी थोड्या दिवसांचेही मिळतात. तो आदल्या रात्रीच काढून ठेवावा, म्हणजे सकाळी नदीवर जाण्याऐवजी कॉम्प्युटरसमोर बसून पासपोर्ट शोधावा लागत नाही.