तारा, किल्ल्या आणि एक निवडणूक

वर्गात मागच्या बाकावरून पुढे सरकणारी चिठ्ठी आपण सर्वांनीच कधी ना कधी पकडलेली असते. (आणि त्याआधी कधीतरी पाठवलेलीही असते!) चिठ्ठी ज्यांच्या हातांतून जाते त्यांचा भरवसा नसतो, म्हणून मुले अक्षरे उलटी लिहितात, 'च'च्या भाषेत बोलतात. मोठ्या माणसांचेही तसेच असते. निवडणुकीच्या प्रचारात तर कोणाला भेटायचे, पैसा कुठून आणायचा, कुठे आपली बाजू लंगडी आहे, हे सगळे प्रतिपक्षाला कळू न देता बोलावे लागते.

आज या कामासाठी मोबाइलवर 'सिग्नल'सारखी साधने आहेत. पण हा प्रश्न तारायंत्राइतका तरी जुना आहे. त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात गणितही आहे आणि नागरिकशास्त्रही.

एका मताची उणीव

७ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते सॅम्युएल टिल्डन आणि रिपब्लिकन पक्षाचे रदरफर्ड हेझ. तिथे अध्यक्षाची निवड राज्याराज्यांतून ठरणारे निर्वाचक करतात. त्या वर्षी एकूण ३६९ निर्वाचक होते, म्हणजे जिंकायला १८५ मते हवीत. टिल्डन यांची १८४ मते नक्की झाली, हेझ यांची १६५. उरलेली २० मते वादात सापडली: लुइझियानाची ८, साउथ कॅरोलायनाची ७, फ्लोरिडाची ४ आणि ओरेगॉनचे १. टिल्डन यांना फक्त एक मत हवे होते, तर हेझ यांना वीसच्या वीस!

दोन्ही पक्षांची माणसे या राज्यांत धावली. तिथून न्यूयॉर्कला तारा जाऊ लागल्या. तारेची अडचण अशी, की मजकूर तारघरातल्या कारकुनाला वाचता येतो आणि त्याची प्रत कंपनीच्या दप्तरात राहते. म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांनी मजकूर सांकेतिक केला. अखेर १५ जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ मतांनी वादग्रस्त मते हेझ यांच्या पारड्यात टाकली आणि १८५ विरुद्ध १८४ असे हेझ अध्यक्ष झाले.

चौकशीसाठी अमेरिकी संसदेच्या समित्यांनी तार कंपनीकडून त्या काळातल्या तारांच्या प्रती मागवल्या होत्या. बहुतेक परत गेल्या, पण काहीशे बाहेर राहिल्या आणि १८७८ मध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या वृत्तपत्राच्या हाती लागल्या. हे वृत्तपत्र रिपब्लिकन बाजूचे होते. त्याचे दोन संपादकीय सहकारी, जॉन हॅसर्ड आणि विल्यम ग्रोव्हनर, कोडे सोडवायला बसले. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेतले गणिती एडवर्ड होल्डन हेही स्वतंत्रपणे त्याच कामाला लागले.

कुलूप कसे उघडले?

महत्त्वाच्या तारांत दोन युक्त्या होत्या. पहिली, मोक्याच्या शब्दांऐवजी भूगोलातली नावे. दुसरी, तारेतल्या शब्दांची ठरावीक क्रमाने अदलाबदल. या क्रमालाच 'किल्ली' म्हणायचे. ती ठाऊक असेल तोच शब्द पुन्हा जागेवर बसवणार.

पंचवीस शब्दांची मांडणी किती प्रकारे करता येईल? १५५ वर २३ शून्ये, साधारण इतक्या प्रकारे! एकेक तपासत बसलो तर जन्म पुरणार नाही. मग ती सुटली कशी? वर्गात फळ्यावर करता येईल असे छोटे उदाहरण घेऊ. ही सहा शब्दांची तार पाहा:

शामराव – पैसे – देतील – रामभाऊ – नाहीत – देणार

अर्थ लावून पाहा. रामभाऊ पैसे देणार नाहीत, शामराव देतील? की शामराव देणार नाहीत, रामभाऊ देतील? दोन्ही वाक्ये बरोबर बसतात. एका तारेवरून निकाल लागत नाही. आता त्याच किल्लीने लिहिलेली, तेवढ्याच शब्दांची दुसरी तार घ्या:

पकडून – सकाळी – या – उद्या – गाडी – सातची

ही तर सहज सुटते: 'उद्या सकाळी सातची गाडी पकडून या.' म्हणजे शब्द चौथा, दुसरा, सहावा, पाचवा, पहिला, तिसरा या क्रमाने उचलायचे. हाच क्रम पहिल्या तारेला लावा: 'रामभाऊ पैसे देणार नाहीत शामराव देतील.' शंका मिटली. दुसऱ्या तारेत काहीच गुपित नव्हते, पण तिने पहिलीचे गुपित फोडले.

हॅसर्ड, ग्रोव्हनर आणि होल्डन यांनी हेच केले. तारांतल्या शब्दांची संख्या पाचाच्या पटीत होती आणि प्रत्येक लांबीसाठी मोजक्याच ठरलेल्या किल्ल्या पुन्हा पुन्हा वापरल्या होत्या. सारख्या लांबीच्या तारा एकीखाली एक लिहून ते शब्द सरकवत गेले. एकीत अर्थ लागला, की दुसरीतही लागलाच पाहिजे. नाही लागला तर अंदाज चुकला. शब्द जागेवर आल्यावर संदर्भावरून सांकेतिक नावेही उलगडली. 'रशिया' म्हणजे टिल्डन, 'लंडन' म्हणजे मतमोजणी मंडळ, 'बोलिव्हिया' म्हणजे प्रस्ताव. 'मोझेल' म्हणजे दोन, 'ग्लासगो' म्हणजे शंभर, 'एडिंबरो' म्हणजे हजार. 'मोझेल ग्लासगो एडिंबरो' याचा हिशेब मुलांना करायला सांगा. उत्तर येते दोन लाख.

हे दोन लाख डॉलर होते फ्लोरिडाची मते मिळवून देण्याची मागितलेली किंमत. साउथ कॅरोलायनासाठी ८० हजार डॉलरची बोलणी चालली होती. दोन्ही सौदे तडीस गेले नाहीत, पण ऑक्टोबर १८७८ मध्ये तारा छापून आल्यावर देशभर गहजब झाला. या तारा टिल्डन यांच्या घरच्या पत्त्यावर, त्यांचा भाचा विल्यम पेल्टन याच्याकडे येत होत्या. १८७९ मध्ये टिल्डन यांनी शपथेवर सांगितले, की आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते. रिपब्लिकन पक्षाच्या स्वतःच्या तारा मात्र उजेडात आल्या नाहीत. त्या आधीच काढून घेतल्या गेल्या, असा आरोप विरोधकांनी केला.

आजची किल्ली

या प्रकरणानंतर पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने एक तत्त्व मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावे. आजच्या 'सिग्नल'ची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. ती सर्वांसाठी खुली आहे, कोणीही तपासावी. मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही, म्हणजे तारघरातला कारकून आंधळा झाला! शिवाय प्रत्येक निरोपाला नवी किल्ली तयार होते आणि वापरलेली टाकून दिली जाते. टिल्डन यांच्या माणसांची नेमकी चूक इथे टाळली आहे.

मग आता प्रचारातली गुपिते सुरक्षित झाली का? मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना सुरक्षेचा इशारा वाटावा असा एक खोटा ईमेल आला. त्यातून त्यांच्या खात्याचा पासवर्ड गेला आणि ऑक्टोबरमध्ये, ऐन प्रचारात, त्यांचे हजारो ईमेल 'विकिलीक्स'ने प्रसिद्ध केले. या कामाबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तहेर संस्थेच्या अधिकाऱ्यांवर अमेरिकेने २०१८ मध्ये आरोपपत्र ठेवले. कुलूप कोणी फोडलेच नाही, किल्ली मागून घेतली. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांच्या 'सिग्नल'वरील गटात एका मासिकाचे संपादक चुकून सामील केले गेले आणि येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा त्यांना आपोआप वाचायला मिळाली. संकेत मधली वाट राखतो, दोन्ही टोकांना माणसेच असतात.

शेवटी एक प्रश्न राहतो आणि तो गणिताचा नाही. पोडेस्टा यांचा पत्रव्यवहार चोरीला गेला, तेव्हा निवडणुकीत बाहेरच्या सत्तेचा हात शिरला. अशा वेळी भक्कम कुलूप हे लोकशाहीचे रक्षण करते. पण १८७६ च्या तारा भक्कम कुलपात असत्या आणि वाचून झाल्यावर आपोआप पुसल्या गेल्या असत्या, तर मतांचा बाजार लोकांना कधी कळलाच नसता. 'सिग्नल'मध्ये तशी सोयही आहे. पक्षाला खाजगी बोलण्याचा हक्क आहे, मतदाराला आपल्या मताचे काय झाले हे जाणण्याचा हक्क आहे. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची? फळ्यावरची तार सोडवून झाली, की हा प्रश्न वर्गात मांडून पाहा. याला एकच किल्ली लागेल असे आम्हाला वाटत नाही.