रस्ते-कामगारांच्या हाताच्या दुखापती (धाराशिव जिल्हा)

बॅरिकेड, दिशाफलक, कोन, काँक्रीटचे ठोकळे असे वाहतूक-नियंत्रणाचे साहित्य उचलताना, मांडताना किंवा काढताना बोटांना, तळव्याला व मनगटाला होणाऱ्या इजा.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातून सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग 52 तुळजापूर, येडशी, येरमाळा असा जातो. पुणे–हैदराबाद महामार्ग 65 नळदुर्ग-उमरग्यातून. दुरुस्तीची कामे आलीच. शिवाय तुळजापूरला शारदीय नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते, वाहतूक वळवावी लागते. त्या काळात लोखंडी बॅरिकेड लावण्या-काढण्याचे काम घाईने होते, पुष्कळदा रात्री.

बॅरिकेड दोघे मिळून उचलतात. एकाने आधी सोडले की दुसऱ्याची बोटे लोखंडी पाय आणि डांबर यांच्यात सापडतात. टेम्पोत एकावर एक रचताना दोन पाइपांमध्ये पेर चेंगरते. घडीच्या स्टँडची बिजागरी नख उचकटते, फलकाच्या पत्र्याची कड तळवा चिरते, बाइंडिंग तारेचे टोक आत घुसते. मे महिन्यात उन्हात तापलेले लोखंड चटका देते, ते वेगळेच. बोटात अंगठी असेल आणि ती अडकली, तर कातडी सोलून निघते; कामावर अंगठी नकोच.

इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:55 ही मार्गदर्शिका कामाच्या टप्प्यावरील वाहतूक-व्यवस्थेविषयी आहे. चालकाला अडथळा वेळेत दिसावा, याकडे सगळ्यांचे लक्ष असते; तो हाताने मांडणाऱ्याचा विचार फार कमी होतो. बॅरिकेडला धरायला मूठ जोडणे हा वेल्डिंगचा किरकोळ खर्च आहे आणि तो टाळणे अक्षम्य आहे. नुसते कापडी हातमोजे पत्र्यापुढे टिकत नाहीत. सैल मोजा बिजागरीत अडकतो. मापाचे, जाड चामडी मोजेच हवेत.

बोट तुटल्यास जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श नको. 108 वर फोन करावा. गंजक्या लोखंडाची जखम असो वा साधी चीर, धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावेच.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईक्षमतेची हानी 14 टक्के, अंगठा गेल्यास 30 आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के ठरवली. मजूर ठेकेदाराचा असला, तरी काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी येते. त्यासाठी अपघाताची नोंद मुकादमाकडून त्याच दिवशी लेखी करून घ्यावी.