एकेरी की दुहेरी भूमिका : भास्कर राम कोल्हटकर यांच्या संदर्भात

ऑनलाइन भूमिका-खेळात खेळाडूला आपल्या पात्राला एकच पेशा द्यावा की दोन, याची निवड करावी लागते. २००५ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’ या खेळात मुख्य पेशासोबत दुय्यम पेशा घेता येतो. मात्र त्या दुय्यम पेशाचा खास गुण मिळत नाही. दुहेरीपणाची अशीच किंमत मराठी राज्यव्यवस्थेनेही मोजली काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१६७४ च्या अष्टप्रधान मंडळात पंडितराव व न्यायाधीश वगळता सहाही प्रधानांकडे लष्करी सेवा होती. म्हणजेच सेनापती सोडल्यास पाच जणांची भूमिका दुहेरी होती. हीच परंपरा नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी दिसते. पहिल्या रघूजींचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर यांनी १७४२ मध्ये बंगालच्या स्वारीचे नेतृत्व केले. नागपूर दूर असल्याने मोहीम व तह यांचे अधिकार एकाच हाती असणे सोयीचे होते.

परंतु ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे अलीवर्दीखानाने त्यांना वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून ठार केले. बोलणी करणारा व सेनानायक एकच असल्याने फौज एका क्षणात निर्नायकी झाली व माघारी फिरली. पुढे स्वतः रघूजींना मोहीम हाती घ्यावी लागली. १७५१ च्या तहाने वार्षिक १२ लाख रुपये चौथाई ठरली.

सारांश, दुहेरी भूमिका मुळात सदोष नव्हती. बोलणीच्या वेळी सेनेची सूत्रे दुसऱ्याकडे सोपविली नाहीत, तर एका जिवाबरोबर दोन्ही पदे रिकामी होतात, हा या घटनेचा बोध होय.