संघटना आणि तिचं पत्र

मी गिरणी कामगार, म्हणून ‘दीनबंधू’पासून सुरुवात करतो. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला. त्याच्या विचारांचं हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलं. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवून गिरणी कामगारांची दुःखं वेशीवर टांगली. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढलं. बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ १९२० साली निघालं. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली आलं अन् पैशाअभावी १९२९ साली थांबलं. १९३० च्या ‘जनता’चं १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ झालं. वर्गणी थकली की समाजाचा आवाज थांबतो. म्हणून हिर्डोशीच्या विहारात घरटी वर्गणी काढून एक तरी पत्र सुरू ठेवू, पोरांकडून मोठ्यानं वाचून घेऊ. जयभीम!